गोव्याचा विजय, हिमालयातला पराभव : कृष्ण मेनन यांची वादळी कारकीर्द

१९ डिसेंबर १९६१ च्या रात्री गव्हर्नर जनरल व्हासाल्यु द सिल्वा यांनी शरणागतीच्या कागदावर सही केली आणि साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज राजवट संपली. त्या वेळी दिल्लीत संरक्षण खात्याची सूत्रे व्ही. के. कृष्ण मेनन यांच्या हाती होती. पुढे अकरा महिनेही पुरते उलटले नाहीत, तोच त्यांना मंत्रिमंडळातून बाहेर पडावे लागले. देशाच्या लष्करी इतिहासातील सर्वांत झटपट विजय आणि सर्वांत मानहानीकारक पराभव एकाच मंत्र्याच्या कारकिर्दीत आणि तेही एका वर्षाच्या आत घडावेत, असा योग क्वचितच येतो. गोवा मुक्तीचा दिन दरवर्षी साजरा होतो. सत्याग्रहींचे, जवानांचे, पंडित नेहरूंच्या निर्णयाचे आणि त्याआधीच्या त्यांच्या दीर्घ विलंबाचेही स्मरण होते. मेनन यांचे नाव मात्र ओझरतेच घेतले जाते. त्याचे कारण गोव्यात शोधून सापडणार नाही. ते हिमालयाच्या उंबरठ्यावर सापडते.

वेंगालिल कृष्णन कृष्ण मेनन यांचा जन्म ३ मे १८९६ रोजी मलबारातील कोळिकोडे येथे झाला. घराणे जमीनदारांचे, वडील नामांकित वकील. मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात शिकत असताना ते ॲनी बेझंट यांच्या होमरूल चळवळीकडे आणि थिऑसॉफीकडे ओढले गेले. वडिलांची इच्छा मुलाने वकिली करावी अशी होती. मुलाचे मन अड्यारमध्ये रमले. १९२४ मध्ये बेझंटबाईंच्या मंडळींच्या साहाय्याने ते इंग्लंडला गेले. थोडे शिकून परत यावे असा बेत होता. प्रत्यक्षात तो मुक्काम २८ वर्षे लांबला.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये हॅरॉल्ड लास्की यांचे शिष्यत्व त्यांना लाभले आणि थिऑसॉफीची जागा समाजवादाने घेतली. बेझंट यांच्या परंपरेतून आलेली, भारताला वसाहतीचे स्वराज्य मागणारी एक मवाळ संस्था त्यांनी ताब्यात घेतली आणि तिला संपूर्ण स्वातंत्र्याची मागणी करणाऱ्या इंडिया लीगचे रूप दिले. इंग्रज मतदारापुढे, कामगार संघटनांच्या सभांत, चर्चच्या दिवाणखान्यांत, मजूर पक्षाच्या शाखांत भारताची बाजू मांडत हिंडणे हेच त्यांचे जीवन झाले. १९३२ मध्ये लीगचे एक शिष्टमंडळ भारतात आले. एलन विल्किन्सन आणि मोनिका व्हेटली या त्याच्या सदस्य होत्या. कायदेभंगाच्या काळातील दडपशाहीचे वर्णन करणारा त्याचा अहवाल बर्ट्रांड रसेल यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला, आणि साम्राज्याच्या राजधानीतच साम्राज्याच्या कारभाराचे वाभाडे निघाले.

या काळातील मेनन हे दारिद्र्यात राहणारे, चहावर दिवस काढणारे, मद्य-मांसाला न शिवणारे आणि प्रकृतीने सतत खचलेले कार्यकर्ते होते. पोटासाठी ते ग्रंथसंपादन करीत. ॲलन लेन यांच्या पेंग्विन प्रकाशनाने १९३७ मध्ये ज्ञानविषयक स्वस्त पुस्तकांची पेलिकन मालिका सुरू केली, तेव्हा तिच्या पहिल्या संपादकांत मेनन होते. सहा पेनीत गंभीर ग्रंथ सामान्य वाचकाच्या हाती देणाऱ्या त्या उपक्रमाशी एका भारतीयाचे नाव जोडलेले आहे, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते. लेन यांच्याशी त्यांचे पटले नाही आणि ते लवकरच बाहेर पडले. कोणाशी तरी न पटणे ही त्यांच्या चरित्रातील पुनःपुन्हा येणारी गोष्ट आहे. सेंट पँक्रस या लंडनच्या विभागाचे ते १९३४ पासून १९४७ पर्यंत निवडून आलेले नगरसेवक होते. ग्रंथालये आणि कलामहोत्सव यांसाठी त्यांनी तेथे केलेले काम इतके लक्षणीय ठरले की पुढे त्या विभागाने त्यांना मानाचे नागरिकत्व बहाल केले. त्यांच्याआधी तो मान एकट्या बर्नार्ड शॉ यांना मिळाला होता.

१९३५ मध्ये जवाहरलाल नेहरू लंडनला आले आणि दोघांची ओळख दृढ मैत्रीत बदलली. नेहरूंच्या आत्मचरित्राच्या प्रकाशनाची व्यवस्था मेनन यांनी पाहिली. १९३८ मध्ये यादवी युद्धाने होरपळणाऱ्या स्पेनला दोघे बरोबर गेले आणि बार्सिलोनावर पडणारे बाँब त्यांनी पाहिले. नेहरूंना जगाच्या राजकारणावर आपल्याच पातळीवरून बोलू शकेल असा माणूस काँग्रेसमध्ये फारसा मिळत नव्हता. मेनन यांना स्वतःच्या एकाकीपणात विश्वास टाकणारा ज्येष्ठ मित्र मिळाला. पुढची सत्तावीस वर्षे मेनन यांचे सारे राजकीय भांडवल म्हणजे ही मैत्री होती. भारतात त्यांना मतदारसंघ नव्हता, गट नव्हता, तुरुंगवासाचा इतिहास नव्हता. ज्या पक्षात कोठडीतील वर्षे मोजून माणसाची पत ठरत असे, त्या पक्षाला हा लंडनहून आलेला, तिरकस बोलणारा मलबारी गृहस्थ कधी आपला वाटला नाही.

स्वातंत्र्यानंतर मेनन ब्रिटनमधील भारताचे उच्चायुक्त झाले. प्रजासत्ताक झाल्यावरही भारताने राष्ट्रकुलात राहावे, यासाठीचे सूत्र शोधण्याच्या वाटाघाटींत त्यांचा वाटा मोठा होता. वेतन म्हणून ते नाममात्र एक रुपया घेत. परंतु याच काळात त्यांच्या नावाला कायमचे चिकटलेले पहिले प्रकरण घडले. काश्मीरमधील युद्धासाठी १९४८ मध्ये त्यांनी एका फारशा परिचित नसलेल्या कंपनीशी सुमारे दोन हजार दुरुस्त केलेल्या जीपगाड्यांचा, सुमारे ८० लाख रुपयांचा करार केला. नेहमीची शासकीय पद्धत बाजूला ठेवली गेली. मोठी रक्कम आगाऊ दिली गेली. प्रत्यक्षात दीडशेच्या आसपास गाड्या आल्या आणि त्याही चालवण्याजोग्या नव्हत्या. संसदेत वर्षानुवर्षे प्रश्न विचारले गेले, चौकशी समिती नेमली गेली आणि अखेर १९५५ मध्ये गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत यांनी प्रकरण मिटल्याचे जाहीर केले. मेनन यांनी स्वतःच्या खिशात पैसा घातला, असे त्यांच्या कडव्या विरोधकांनाही दाखवता आले नाही. त्यांची राहणी पाहता ते शक्यही वाटत नाही. तरीही नियम म्हणजे लहान माणसांनी घातलेला अडथळा, ही त्यांची समजूत या व्यवहारात उघडी पडली, आणि ज्या पद्धतीने चौकशी गुंडाळली गेली तीही शोभादायक नव्हती. फेब्रुवारी १९५६ मध्ये, म्हणजे प्रकरण मिटल्यानंतर काही महिन्यांतच, ते बिनखात्याचे मंत्री झाले. विरोधकांना याहून अधिक पुरावा लागला नाही.

त्यांच्या बुद्धीचा खरा कस संयुक्त राष्ट्रसंघात लागला. १९५२ पासून पुढची दहा वर्षे ते तेथे भारताचा आवाज होते. कोरियातील युद्ध युद्धकैद्यांच्या प्रश्नावर अडून बसले होते. मायदेशी परतू न इच्छिणाऱ्या कैद्यांचे काय करायचे, यावर कोणीही माघार घेईना. मेनन यांनी नोव्हेंबर १९५२ मध्ये मांडलेला ठराव सुरुवातीला रशिया आणि चीन यांनी धुडकावला. परंतु पुढच्या वर्षीची तडजोड त्याच धर्तीवर झाली. या कैद्यांची जबाबदारी घेणाऱ्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष म्हणून भारताने जनरल थिमय्या यांना पाठवले. मेनन यांची कल्पना आणि थिमय्या यांची अंमलबजावणी, असा हा दुर्मीळ संयोग होता. ही दोन नावे पुन्हा एकत्र आली ती फार वेगळ्या प्रसंगी.

१९५६ मध्ये सुएझच्या प्रश्नावर मेनन यांनी ब्रिटन-फ्रान्सवर तुटून टीका केली. त्याच पंधरवड्यात रशियाने हंगेरीत रणगाडे घातले तेव्हा मात्र भारताची जीभ अडखळली. संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली हंगेरीत निवडणुका घ्याव्यात, या ठरावाच्या विरोधात मेनन यांनी सोव्हिएत गटाबरोबर मत दिले. आज हंगेरीत अशा निवडणुका मान्य केल्या तर उद्या काश्मीरमध्ये त्याच मागितल्या जातील, हा त्यामागचा हिशेब होता. हिशेब चुकीचा नव्हता, पण त्याची नैतिक किंमत मोठी होती. जयप्रकाश नारायण यांच्यासारख्यांनी देशातच तीव्र निषेध केला आणि पाश्चात्त्य वृत्तपत्रांत मेनन म्हणजे दुटप्पीपणा हे समीकरण पक्के झाले.

जानेवारी १९५७ मध्ये सुरक्षा परिषदेत काश्मीरवर त्यांनी दोन दिवसांत मिळून जवळजवळ आठ तास भाषण केले. मध्येच त्यांना भोवळ आली, डॉक्टर बोलवावे लागले, आणि शुद्ध सावरल्यावर ते पुन्हा बोलायला उभे राहिले. त्या भाषणाने परिषदेतील एकही मत फिरले नाही. पुढच्या महिन्यात भारताच्या उपयोगी पडला तो रशियाचा नकाराधिकार. पण घरी परतताना ते वीर झाले होते, आणि काहीच आठवड्यांवर सार्वत्रिक निवडणूक होती.

येथे मुंबई त्यांच्या आयुष्यात येते, आणि मुंबईबरोबर गोवाही. १९५७ ची ती निवडणूक संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाच्या धगीत झाली. गोळीबारांच्या आठवणी ताज्या होत्या आणि पश्चिम महाराष्ट्रात व मुंबईत काँग्रेसचे गड कोसळत होते. अशा वेळी उत्तर मुंबईतून एका मल्याळी, मराठीचा गंध नसलेल्या उमेदवाराला काँग्रेसने उभे केले. समोर प्रजासमाजवादी पक्षाचे पीटर आल्वारिस होते. गोव्याच्या लढ्यात नॅशनल काँग्रेस (गोवा) या संघटनेचे अध्यक्षपद सांभाळून सत्याग्रहींच्या तुकड्या सीमेपार पाठवणारा, मुंबईतील गोमंतकीयांत मान असलेला हा नेता. मेनन सुमारे ४७ हजार मतांनी विजयी झाले. गोवा मुक्त व्हावा म्हणून झटणाऱ्या माणसाचा पराभव करून जो माणूस संसदेत गेला, त्याच्याच मंत्रिपदाच्या काळात गोवा मुक्त झाला. आणि मुक्त गोव्यातील पहिल्या निवडणुकीत, डिसेंबर १९६३ मध्ये, पणजीतून लोकसभेवर गेले ते पीटर आल्वारिसच. इतिहासाला अशा जोडण्या आवडतात असे म्हणावे लागेल.

एप्रिल १९५७ मध्ये मेनन संरक्षणमंत्री झाले. तोवर संरक्षण हे काहीसे दुय्यम खाते समजले जाई. त्यांनी ते एकदम अग्रभागी आणले. शस्त्रे परदेशांतून विकत घेत राहणारे राष्ट्र परराष्ट्रनीतीत स्वतंत्र राहू शकत नाही, हा त्यांचा सिद्धान्त होता. १९५८ मध्ये संरक्षण संशोधन आणि विकास संघटना स्थापन झाली. बंगळुरूच्या कारखान्यात तयार झालेल्या मरुत या जेट विमानाने १९६१ मध्ये पहिले उड्डाण केले. आवडी येथील रणगाड्यांच्या कारखान्याचा पाया घातला गेला, आणि मिग विमानांसाठी रशियाशी बोलणी सुरू झाली. सर्वसामान्य घरांतील मुलांना लष्करी अधिकारी होता यावे म्हणून सैनिकी शाळांची योजना त्यांनी आखली. तिची पहिली शाळा जून १९६१ मध्ये साताऱ्यात उघडली. यांपैकी बहुतेक गोष्टींची फळे पुढच्या पिढीला मिळाली. टीकाकारांना मात्र शस्त्रांच्या कारखान्यांतून निघणारी कॉफीची यंत्रे तेवढी दिसली आणि त्यांवरून मेनन यांची मनसोक्त टिंगल झाली.

कारखाने उभारणे वेगळे आणि माणसे सांभाळणे वेगळे. वयाने व अनुभवाने मोठ्या सेनाधिकाऱ्यांना हाताखालच्या लोकांसमोर टोचून बोलणे, ज्येष्ठांना वगळून कनिष्ठांशी थेट संपर्क ठेवणे, आपल्याला मानणारे आणि न मानणारे अशी लष्कराची विभागणी होऊ देणे, असे त्यांचे वर्तन होते. लष्करप्रमुख थिमय्या हे सैन्यात कमालीचे लोकप्रिय. बढत्यांच्या प्रश्नावरून, विशेषतः नेहरूंच्या मर्जीतील बी. एम. कौल यांच्या बढतीवरून, दोघांत ठिणगी पडली आणि ३१ ऑगस्ट १९५९ रोजी थिमय्या यांनी राजीनामा दिला. नेहरूंनी त्यांना समजावून तो मागे घ्यायला लावला. दुसऱ्याच दिवशी बातमी फुटली आणि संसदेत गदारोळ उठला. तेव्हा नेहरूंनी मुलकी सत्तेच्या श्रेष्ठत्वाचा मुद्दा पुढे करून थिमय्यांनाच दोष दिला. तत्त्व योग्य होते, पण शब्द देऊन मागे वळवलेल्या सेनापतीला भर संसदेत एकटे पाडले गेले ही बाब लष्कर विसरले नाही. याच आठवड्यांत चीनने लाँग्जू येथील चौकी घेतली होती. सीमेवरचे पहिले रक्त सांडले असताना मंत्री आणि लष्करप्रमुख यांच्यात संवाद उरला नव्हता. कौल वर चढत राहिले आणि १९६१ मध्ये लष्कराच्या मुख्यालयातील कळीच्या जागी जाऊन बसले.

आता गोव्याकडे वळू. ऑगस्ट १९५५ मध्ये निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या चालवून वीसहून अधिक जणांचे बळी घेतले, तेव्हा नेहरूंनी नाकेबंदी केली खरी, पण सामूहिक सत्याग्रहही थांबवला. मुक्तिसैनिकांच्या मनात ही कडू आठवण राहिली. सालाझार यांनी वसाहतींना सागरापारचे प्रांत असे नाव देऊन आपल्याकडे वसाहतीच नाहीत असा पवित्रा घेतला होता. नाटोचा सदस्य म्हणून पोर्तुगालला अमेरिकेचे अभय होते. १९५५ च्या अखेरीस अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी एका संयुक्त निवेदनात गोव्याला पोर्तुगालचा प्रांत म्हणून टाकले. मेनन यांचा युक्तिवाद पहिल्यापासून सरळ होता : वसाहतवाद हेच चालू असलेले आक्रमण आहे, त्यामुळे ते संपवणाऱ्याला आक्रमक म्हणता येत नाही. आफ्रिकेतील नवस्वतंत्र राष्ट्रांना हा युक्तिवाद पटकन उमगला. डिसेंबर १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पोर्तुगालच्या स्वयंशासन नसलेल्या प्रदेशांची यादी केली आणि तीत गोव्याचे नाव घातले. सालाझार यांच्या प्रांतांच्या भाषेला जगाने दिलेले ते उत्तर होते.

नोव्हेंबर १९६१ मध्ये अंजदीव बेटावरून साबरमती या प्रवासी बोटीवर गोळीबार झाला आणि काही दिवसांनी एक मच्छीमार मारला गेला. सैन्य बेळगावकडे सरकू लागले. दक्षिण विभागाचे प्रमुख जनरल जयंतनाथ चौधरी यांच्याकडे मोहिमेची सूत्रे होती. मेजर जनरल कँडेथ यांची १७ वी डिव्हिजन आणि ब्रिगेडियर सगत सिंग यांची ५० वी पॅराशूट ब्रिगेड सज्ज झाली, आणि हवाई कारवाईची जबाबदारी एअर व्हाइस मार्शल अर्लिक पिंटो यांनी घेतली. नेहरू शेवटपर्यंत डळमळत होते. अमेरिकेचा, ब्रिटनचा दबाव होता. गांधींच्या देशाने शस्त्र उचलणे जगाला कसे दिसेल ही चिंता होती. मेनन यांना ती चिंता नव्हती. अंतिम निर्णय नेहरूंचाच, परंतु तो निर्णय टळू नये म्हणून रेटा लावणारा माणूस संरक्षण खात्यात बसलेला होता, हे समकालीनांनी मित्रभावाने आणि शत्रुभावानेही नोंदवले आहे.

१७ डिसेंबरच्या रात्री सैन्य हलले. १८ तारखेला दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब पडले आणि मुरगाव बंदरात आफोंसो द आल्बुकेर्क ही पोर्तुगीज युद्धनौका निकामी झाली. १९ तारखेला सकाळी सगत सिंग यांचे जवान पणजीत होते. शेवटच्या माणसापर्यंत लढा, ही सालाझार यांची आज्ञा व्हासाल्यु द सिल्वा यांनी मानली नाही, आणि त्यामुळे गोव्याची शहरे व माणसे वाचली. भारताचे २२ जवान कामी आले. सुरक्षा परिषदेत शस्त्रसंधीचा आणि सैन्य माघारीचा ठराव सात विरुद्ध चार मतांनी पुढे आला व रशियाच्या नकाराधिकाराने पडला. सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक भारताबरोबर उभे राहिले. हंगेरीच्या वेळी ज्या मैत्रीची किंमत मोजली, तिचे हे दुसरे फळ होते, असे मेनन यांचे समर्थक म्हणू शकत होते.

विरोधकांचा आरोप निराळा होता. दोन महिन्यांवर निवडणूक होती आणि उत्तर मुंबईत मेनन यांना मोठे आव्हान मिळाले होते, म्हणून गोव्याचा मुहूर्त साधला, असे ते म्हणत. या आरोपात वेळेचा योगायोग सोडला तर फारसे काही नाही. चौदा वर्षे रखडलेला प्रश्न एका मतदारसंघासाठी सुटला असे मानणे हा सत्याग्रहींवरही अन्याय आहे. पण गोव्याच्या विजयाचा लाभ मेनन यांना झाला, आणि त्यांनी तो पुरेपूर करून घेतला, हेही खरे.

आव्हान होते आचार्य कृपलानी यांचे. एप्रिल १९६१ मध्ये लोकसभेत त्यांनी मेनन यांच्यावर लष्कर पोखरल्याचा आरोप करणारे घणाघाती भाषण केले होते. आता बिहारमधील आपला मतदारसंघ सोडून ते मेनन यांच्या दारात येऊन उभे राहिले. प्रजासमाजवादी, स्वतंत्र, जनसंघ असे एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष त्यांच्या पाठीशी आले. दुसरीकडे नेहरूंनी मेनन यांचा पराभव हा आपलाच पराभव मानला, कम्युनिस्टांनी चाळींतून माणसे उभी केली, दिलीपकुमार यांच्यासारखे चित्रपट कलावंत प्रचाराला उतरले. जगभरचे वार्ताहर मुंबईत आले होते. अमेरिकेच्या टाइम साप्ताहिकाने मुखपृष्ठावर मेनन यांचे चित्र छापले. निकालात मेनन यांना सुमारे २ लाख ९७ हजार, तर कृपलानी यांना सुमारे १ लाख ५१ हजार मते पडली. फेब्रुवारी १९६२ मध्ये नेहरूंनंतर कोण, या प्रश्नाच्या उत्तरात त्यांचे नाव गंभीरपणे घेतले जाऊ लागले.

गोव्याने मेनन यांना मोठे केले आणि त्यांची फसगतही केली. गोव्यात शत्रू साडेतीन-चार हजारांचा, तुटलेला, मायदेशापासून हजारो मैल दूर होता. रस्ते होते, विमानांचा वापर झाला, आणि स्थानिक जनता आपली होती. त्या विजयाने लष्कराची खरी अवस्था झाकली गेली. हिमालयात, नोव्हेंबर १९६१ पासून, पुढे सरकून चौक्या बसवण्याचे धोरण चालू होते. मागे रसद नाही, तोफा नाहीत, आणि तरीही नकाशावर ठिपके वाढत होते. चीन मोठे युद्ध करणार नाही, ही दिल्लीची पक्की धारणा होती. मेनन यांचे लक्ष आयुष्यभर पाकिस्तानवर आणि पाश्चात्त्य सत्तांवर खिळलेले होते. समाजवादी चीन शेजाऱ्यावर चालून येईल हे त्यांच्या विचारचौकटीत बसत नव्हते. चौकटीत न बसणारी माहिती घेऊन येणाऱ्या अधिकाऱ्याला ते बुद्धीच्या जोरावर गप्प करीत, आणि १९६२ पर्यंत असे अधिकारी त्यांच्या खोलीत येईनासे झाले होते.

सप्टेंबर १९६२ मध्ये थागलाच्या उतारावर चिनी सैनिक उतरले. त्या महिन्याचा बराच काळ मेनन न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत होते. कौल यांना, ज्यांनी युद्धात तुकडीचे नेतृत्व कधी केले नव्हते, नव्या कोअरचे प्रमुख नेमून ईशान्येला धाडण्यात आले. २० ऑक्टोबरला पहाटे नामका चू नदीकाठी ब्रिगेडियर दळवी यांच्या ब्रिगेडवर चिनी सैन्य तुटून पडले. सुती कपड्यांतले, मोजक्या काडतुसांचे, हवेतून टाकलेल्या रसदीवर जगणारे ते जवान काही तासांत चिरडले गेले. दळवी स्वतः कैद झाले. लढाऊ हवाई दल वापरलेच गेले नाही.

दोष एकट्या मेनन यांचा नव्हता. पैसा रोखून धरणारे अर्थखाते होते, चीनबाबतच्या अंदाजांत चुकलेली गुप्तवार्ता यंत्रणा होती, होकार भरणारे सेनापती होते, आणि धोरण स्वतः नेहरूंचे होते. परंतु मेनन यांना वाचवायला कोणी उभे राहिले नाही, कारण वीस वर्षांत त्यांनी कोणाला जवळ केलेच नव्हते. काँग्रेसच्या खासदारांनीच नेहरूंना घेरले. ३१ ऑक्टोबरला त्यांचे खाते काढून त्यांना संरक्षण उत्पादन देण्यात आले. तेवढ्याने राग शमला नाही आणि ७ नोव्हेंबरला त्यांचा राजीनामा स्वीकारला गेला. २१ नोव्हेंबरला, चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली त्याच दिवशी, यशवंतराव चव्हाण यांनी संरक्षण खाते हाती घेतले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावल्याचे महाराष्ट्रात तेव्हापासून सांगितले जाते. त्याच सुमारास थापर यांच्या जागी लष्करप्रमुखपदी आले ते गोव्याच्या मोहिमेचे चौधरी.

यानंतरची बारा वर्षे मेनन यांनी सर्वोच्च न्यायालयात वकिली केली. ई. एम. एस. नंबूद्रिपाद यांच्यावरील न्यायालय-अवमानाच्या खटल्यात तेच उभे राहिले. राजकारणाने मात्र त्यांना मुंबईतच एक शेवटचा तडाखा दिला. १९६७ मध्ये स. का. पाटील यांच्या प्रभावाखालील मुंबई काँग्रेसने त्यांना परका ठरवून उमेदवारी नाकारली आणि पानशेतच्या पुरानंतर पुणे सावरणारे सनदी अधिकारी स. गो. बर्वे यांना ईशान्य मुंबईतून उभे केले. मेनन अपक्ष लढले. जेमतेम आठ महिन्यांची शिवसेना बर्वे यांच्या बाजूने मैदानात उतरली आणि दहा वर्षांपूर्वी आंदोलनाच्या ऐन भरातही ज्याचे मलबारीपण आड आले नव्हते, त्याच्याविरुद्ध दाक्षिणात्य म्हणून प्रचार झाला. बर्वे सुमारे १३ हजार मतांनी निवडून आले आणि काही दिवसांतच हृदयविकाराने गेले. पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी ताराबाई सप्रे यांनी मेनन यांना पुन्हा हरवले. गंमत अशी की त्याच सार्वत्रिक निवडणुकीत दक्षिण मुंबईत स. का. पाटील यांना जॉर्ज फर्नांडिस यांनी धूळ चारली होती.

मुंबई सुटली तरी संसद सुटली नाही. १९६९ मध्ये बंगालमधील मिदनापूरच्या पोटनिवडणुकीत आणि १९७१ मध्ये तिरुवनंतपुरममधून ते डाव्यांच्या पाठिंब्याने अपक्ष म्हणून निवडून आले. १९६२ च्या पराभवाबद्दल त्यांनी आत्मसमर्थनाचा ग्रंथ लिहिला नाही. नेहरूंवर बोट दाखवण्याच्या अनेक संधी त्यांना मिळाल्या. त्या त्यांनी घेतल्या नाहीत. पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रूक्स-भगत अहवाल सरकारने कधीच पूर्ण प्रसिद्ध केला नाही, त्यामुळे मेनन यांच्या वाट्याचा दोष नेमका किती हे सरकारी कागदावरून ठरले नाही.

६ ऑक्टोबर १९७४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लिस्बनला क्रांती झाली होती आणि सालाझार यांनी उभारलेली राजवट कोसळली होती. मेनन यांच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत, ३१ डिसेंबर १९७४ रोजी, पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री मारियो सुआरिश दिल्लीत आले आणि गोवा, दमण, दीव, दादरा व नगर हवेली यांवरील भारताचे सार्वभौमत्व त्यांनी कराराने मान्य केले. भारताच्या वतीने त्या करारावर सही केली ती नव्यानेच परराष्ट्रमंत्री झालेल्या यशवंतराव चव्हाण यांनी.